नटीची पूजा, 1926: शांतिनिकेतनच्या एका नाटकातून मुली काय शिकल्या

8 मे 1926. बंगाली पंचांगानुसार पंचवीस बैशाख, रवींद्रनाथ ठाकुरांचा वाढदिवस. शांतिनिकेतनात त्या दिवशी मुलींनी एक नवं नाटक केलं. नाव ‘नटीर पूजा’, म्हणजे नटीची पूजा. नाटकात पुरुषपात्र एकही नाही. राणी, राजकन्या, दासी, भिक्षुणी, पहारेकरी, सगळ्या बायका. शेवटी नटी नाचते आणि त्या नाचातच तिचा जीव जातो. नटीचं काम चित्रकार नंदलाल बोस यांची मुलगी गौरी हिने केलं होतं. तेव्हा ती एकोणीस वर्षांच्या आसपास होती.

कलेतून शिक्षण हा विषय निघाला की आपल्याकडे शांतिनिकेतनचं नाव आदराने घेतलं जातं आणि गाडी लगेच पुढे जाते. झाडाखालचे वर्ग, वसंतोत्सव, संपलं. म्हणून हे एकच प्रकरण जरा उलगडून पाहायचं आहे. मुलांना नाटकातून नेमकं काय मिळतं, ते कुठे शिकवलं जातं, आणि त्यासाठी मोठ्या माणसांना काय पणाला लावावं लागतं, या तिन्ही प्रश्नांना इथे बऱ्यापैकी ठोस उत्तरं सापडतात. काही उत्तरं अडचणीचीही आहेत.

अडचण काय होती

आज शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलगी नाचली तर आजी मोबाइलवर व्हिडिओ काढते. 1926 च्या बंगालमध्ये नाच म्हणजे बाईजीची कोठी, किंवा व्यावसायिक थिएटर. कोलकात्याच्या बेंगॉल थिएटरने 1873 मध्ये स्त्रीभूमिकांसाठी बायका घेतल्या, त्या वेश्यावस्तीतून आल्या होत्या. त्या निर्णयावरून ईश्वरचंद्र विद्यासागर नाट्यगृहाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. विधवाविवाहासाठी उभं आयुष्य झिजवलेल्या माणसाचीही हद्द तिथे संपली. यावरून बाकीच्या भद्रलोकाचा, म्हणजे प्रतिष्ठित सुशिक्षित वर्गाचा, अंदाज यावा. ठाकुरांच्या वाड्यात 1881 मध्ये ‘वाल्मीकी प्रतिभा’ झालं तेव्हा रवींद्रनाथांची पुतणी प्रतिभा सरस्वती झाली होती. पण तो घरचा प्रयोग होता, आणि मुलीने गाणं वेगळं, चारचौघांत नाचणं वेगळं.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. त्याच 1926 मध्ये आपल्याकडे स्त्रीभूमिकेचं दुसरं नाव बालगंधर्व होतं. ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं ते 1 जुलै 1933 रोजी. ज्योत्स्ना भोळे, पद्मावती वर्तक अशा घरंदाज समजल्या जाणाऱ्या स्त्रियांनी त्यात स्त्रियांची कामं केली, आणि त्या घटनेला आपण आजही वळण मानतो. शांतिनिकेतनच्या मुली त्याआधी सात वर्षं उभ्या राहिल्या होत्या, त्याही विद्यार्थिनी म्हणून, आणि नाचणाऱ्या भूमिकेत.

सात वर्षांची तयारी

‘नटीर पूजा’ एका वाढदिवसासाठी लिहिलं गेलं, म्हणून ते घाईत उभं राहिलं असं वाटू शकतं. लिहिणं झटपट झालं हे खरं, पण ज्या मुलींच्या भरवशावर ते लिहिलं त्या एका महिन्यात तयार झालेल्या नव्हत्या.

1919 च्या नोव्हेंबरात रवींद्रनाथ सिल्हेटला गेले होते. तिथल्या माछिमपूर या मणिपुरी वस्तीत त्यांनी मणिपुरी नाच पाहिला. परत आल्यावर त्यांनी त्रिपुराच्या राजघराण्याकडे मणिपुरी गुरू मागितला आणि बुद्धिमंत सिंह शांतिनिकेतनात आले. शिकवणी सुरू झाली ती मुलांची, मृदंगाच्या बोलावर, बरीचशी व्यायामाच्या अंगाने. हा खास मास्तरी शहाणपणा आहे: ज्याला विरोध होईल ते वेळापत्रकात कमी भडक नावाने घालायचं. मुलींनाही नाच आणि मणिपुरी हस्तकाम शिकायची उत्सुकता आहे, तेव्हा बुद्धिमंत सिंहांच्या पत्नीलाही पाठवता येईल का, अशी विचारणा रवींद्रनाथांनी त्रिपुराच्या महाराजांकडे केली होती. त्या एका मागणीत नाच आणि विणकाम शेजारी शेजारी बसले आहेत, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढे या मुलींच्या आयुष्यात ते तसेच शेजारी राहिले.

बुद्धिमंत सिंह फार काळ टिकले नाहीत, मध्ये खंड पडला. 1920 च्या दशकाच्या मध्यावर त्रिपुरातूनच नवकुमार सिंह आले आणि मुलींचं शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झालं. गौरी त्यांची विद्यार्थिनी.

दुसरी तयारी नाटकाची. शाळा 1901 मध्ये सुरू झाली आणि 1908 मध्ये ‘शारदोत्सव’ आलं. मुलांनी करावं म्हणूनच लिहिलेलं, शरद ऋतूच्या सुट्टीआधी करायचं. मुलं आणि शिक्षक एकाच नाटकात कामं करत. रवींद्रनाथ नवं नाटक आधी सगळ्यांना वाचून दाखवत. तालमी सुरू झाल्यावरही ते गाणी बदलत, संवाद कापत, नवे घालत. विद्यार्थ्याच्या बाजूने याचा विचार करा. छापील पाठ्यपुस्तकात बदल होऊ शकतो हे त्याने कधी पाहिलेलं नसतं. इथे नाटककार समोर बसून स्वतःचंच वाक्य खोडतो, कारण ते तोंडात बसत नाही. लेखन म्हणजे काय, याचा याहून चांगला तास मला माहीत नाही.

गाण्यांची बाजू दिनेंद्रनाथांकडे, म्हणजे दिनू ठाकुरांकडे. रवींद्रनाथ चाल बांधत आणि विसरत. दिनू ती धरून ठेवत आणि मुलांच्या गळ्यात उतरवत. ‘फाल्गुनी’ अर्पण करताना रवींद्रनाथांनी त्यांना आपल्या सगळ्या गाण्यांचा भांडारी म्हटलं आहे. शास्त्रीय गाणं शिकवायला भीमराव शास्त्री हे महाराष्ट्रीय गवई होते. मणिपुरी बोल, बंगाली शब्द, मराठी गळ्याची तालीम, हे सगळं त्या लहानशा वस्तीत एका हाकेच्या अंतरावर होतं.

संहिता हाच अभ्यासक्रम

नाटकामागची कथा बौद्ध अवदानकथांतली. रवींद्रनाथांनी तिच्यावर आधी, 1899 मध्ये, ‘पूजारिणी’ ही कविता लिहिली होती. वाढदिवसाला मुलींना घेऊन ती कविता मूकपणे सादर करावी असं सूनबाई प्रतिमादेवींच्या मनात होतं. त्या आग्रहातून पूर्ण नाटक निघालं.

राजा बिंबिसाराने सिंहासन अजातशत्रूला सोडलं आहे. राजवाड्याच्या बागेत बुद्धाचं पूजास्थान आहे. वसंतपौर्णिमेला तिथे पूजा कोणी करायची? भिक्षुणी उत्पलपर्णा तो मान श्रीमतीला देते, आणि श्रीमती राजवाड्यातली नाचणारी. राजकन्या रत्नावलीला हे सहन होत नाही. तेवढ्यात नव्या राजाची आज्ञा येते की पूजा बंद, करील त्याला मृत्युदंड. रत्नावली आणखी एक पाऊल टाकते: श्रीमतीने पूजेच्या जागेवर नाचायचं, म्हणजे तिच्याच पायांनी ती जागा विटाळेल. श्रीमती नाचते. नाचता नाचता एकेक दागिना उतरवून टाकते, शेवटी नटीचा वेशही टाकते, आणि आत भिक्षुणीचं वस्त्र असतं. पहारेकरणी तिला मारतात.

आता हे नाटक त्या मुलींना कोणत्या वेळी दिलं ते पाहा. नाचणारी बाई पूजेला लायक आहे का, हा नाटकातला प्रश्न. घरंदाज मुलीने नाचावं का, हा नाटकाबाहेरचा प्रश्न. नाट्यगृहात बसलेला प्रेक्षक रत्नावलीच्या बाजूचा आहे, हे लेखकाला पक्कं माहीत होतं. म्हणजे गौरीला नुसत्या पायऱ्या आणि हस्तमुद्रा पाठ करून भागणार नव्हतं. आपण काय करतो आहोत आणि लोकांना ते का खुपणार आहे, हे तिला कळल्याशिवाय तो नाच उभाच राहिला नसता.

माझं लक्ष मात्र श्रीमतीपेक्षा लोकेश्वरीकडे जास्त जातं. ती बिंबिसाराची राणी. नवऱ्याने राज्य सोडलं, एक मुलगा भिक्षू झाला. ज्या धर्माला तिनेच घरात आणलं त्यानेच तिचं घर रिकामं केलं. ती बुद्धाला शिव्या देते आणि मंत्र कानावर आला की हात जोडते. विशीच्या आतबाहेरच्या मुलीला हे काम करायचं म्हणजे दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानायच्या. रत्नावली करणारीला तर अख्खं नाटक चुकीच्या बाजूने, मनापासून, लढायचं असतं. शालेय नाटकांत आपण खलभूमिका हसण्यावारी नेतो आणि मुलांची एक मोठी संधी घालवतो.

आणि लहान भूमिका? मालती ही खेड्यातली मुलगी, वाड्यात नवी आलेली. पहारेकरणी, ज्यांना आज्ञा पाळायची आहे आणि पाळवत नाही. वर्गात उठून बोलायला घाबरणारी मुलगीही त्यात बसते, तरीही तिचं काम नाटकाला लागतंच. पात्रयोजना हा शिक्षकाचा निर्णय असतो, दिग्दर्शकाचा नंतर.

विंगेतलं काम

पडद्यामागच्या कामाबद्दल रवींद्रनाथांचं मत 1902 च्या ‘रंगमंच’ या निबंधात आलेलं होतं. रंगवलेल्या पडद्यांवर त्यांचा राग. प्रेक्षकाकडे कल्पनाशक्ती आहे, तिला काम द्या. झाड चितारून तिचं काम हिसकावू नका, असा त्यांचा रोख. ‘जात्रा’ या बंगाली प्रकारासारख्या मोकळ्या लोकनाट्यात नट आणि प्रेक्षक एकमेकांवर विसंबून असतात, ते त्यांना हवं होतं. कोकणातला दशावतार पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. एका बाकड्याचं सिंहासन होतं, तेच डोंगरही होतं.

हे मत शाळेच्या सोयीचं होतं, कारण पैसे नव्हते. पण पैसे नसणं आणि साधेपणा यांत फरक आहे, आणि तो फरक नंदलाल बोस शिकवत. शांतिनिकेतनची कलाशाळा, कलाभवन, 1919 मध्ये सुरू झाली होती आणि काही वर्षांत त्याची सूत्रं नंदलालांकडे आली. आश्रमातल्या नाटकांचं नेपथ्य आणि वेशभूषा त्यांच्या, सुरेंद्रनाथ करांच्या आणि प्रतिमादेवींच्या देखरेखीखाली, विद्यार्थ्यांच्या हातून होई. साधा कापडी पडदा, जमिनीवर अल्पना (बंगाली रांगोळी), फुलं, पानं, मातीचं भांडं. कलाभवनात चित्र शिकणारी मुलं चित्रातला रिकामा भाग आणि रंगमंचावरचा रिकामा भाग एकाच डोळ्याने पाहायला शिकत. विनायक मासोजी हे कोल्हापूरकडचे चित्रकार याच वातावरणात आधी विद्यार्थी आणि मग शिक्षक झाले.

नेपथ्याचा त्यांचा विचार कसा चाले, याची एक आठवण रवींद्रनाथांचे पुतणे, चित्रकार अवनींद्रनाथ यांची आहे, ती आधीच्या एका प्रयोगाची. 1917 मध्ये ठाकुरांच्या कोलकात्यातल्या जोडासाँकोच्या वाड्यात ‘डाकघर’ झालं. अमलचं काम आश्रमातल्याच एका मुलाचं. त्या वर्षी काँग्रेसचं अधिवेशन कोलकात्यात होतं, त्यामुळे अ‍ॅनी बेझंट, गांधी, मालवीय आणि आपले टिळक यांनीही ते नाटक पाहिलं. नंदलालांनी रंगमंचावर गवताने शाकारलेली झोपडी उभी केली. सगळं झाल्यावर अवनींद्रनाथांनी कोपऱ्यात पक्ष्याला बसायचा एक दांडा टांगला, रिकामा. पक्षी कुठे, असं विचारल्यावर उत्तर मिळालं: उडून गेला. ज्या नाटकाच्या शेवटी एक आजारी मूल जग सोडून जातं, त्याला यापेक्षा जास्त नेपथ्य लागत नाही. नंदलाल हे पाहून शिकले, आणि त्यांच्या हाताखालची मुलं नंदलालांकडून.

‘नटीर पूजा’मधली पडद्यामागची सगळ्यात कठीण गोष्ट माझ्या मते वेश आहे. नाचता नाचता दागिने उतरले पाहिजेत, तेही तालात, अडखळल्याशिवाय. वरचा वेश सुटला पाहिजे आणि आतलं वस्त्र तोपर्यंत दिसता कामा नये. गाठ कुठे मारायची, कोणती आधी सुटणार, कापड किती जड, कोणत्या मात्रेवर हात मोकळा. गाठ चुकली तर नाटकाचा अर्थच चुकला. शिवण, ताल आणि तत्त्वज्ञान यांची परीक्षा एका गाठीत. शाळेत भूमिती शिकवताना मुलं विचारतात, ‘सर, हे पुढे कुठे लागणार?’ रंगमंचावर हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आज आपल्या बहुतेक शाळांत हीच कामं बाहेर दिली जातात. नाच बसवायला कोरिओग्राफर, ड्रेस भाड्याने, मंडपवाला, साउंडवाला, मागे एलईडी पडदा, गाणं पेनड्राइव्हवर. शिक्षकांवर कामाचा इतका बोजा असतो की त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. पण मग मुलांच्या वाट्याला उरतं ते दाखवलेलं तसं करून दाखवणं. आठवीतल्या मुलाने दिव्यांची यादी केली असती, सहावीतल्या मुलीने कपड्यांची मापं घेतली असती, कोणीतरी वहीत लिहिलं असतं की तिसऱ्या प्रवेशाला घंटा कोण देणार. हे सगळं बिलाच्या एका ओळीत जातं.

जानेवारी 1927: रवींद्रनाथ रंगमंचावर

शांतिनिकेतनातला प्रयोग आपल्या माणसांत होता. पुढच्या जानेवारीत तो कोलकात्याला न्यायचं ठरलं, जोडासाँकोला, शहरातल्या प्रेक्षकांसमोर. आता गौरी नंदलालांची मुलगी राहणार नव्हती, ‘नाचणारी मुलगी’ होणार होती.

रवींद्रनाथांनी या प्रयोगासाठी एक भाग नव्याने लिहिला आणि त्यात एकमेव पुरुषपात्र घातलं: भिक्षू उपाली. तो नटीच्या दारी भिक्षा मागायला येतो. तिला वाटतं, आपल्यासारखीने काय द्यावं? तो तिच्याकडे तिच्यापाशी जे सर्वोत्तम आहे तेच मागतो. उपालीचं काम स्वतः रवींद्रनाथांनी केलं, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. नाटकाला त्या पात्राची फार गरज नव्हती. गरज होती ती मुलींना. ज्याच्या नावापुढे सगळं कोलकाता मान झुकवतं असा वृद्ध कवी रंगमंचावर बसला की ‘ही कसली शाळा’ म्हणणाऱ्याला आधी त्याच्याशी बोलावं लागतं.

या चालीचं मला कौतुक आहे आणि खटकतंही. कौतुक यासाठी की संस्थाप्रमुखाने परवानगीपत्रावर सही करून हात झटकले नाहीत. जे जोखीम घेत होते त्यांच्याबरोबर तो स्वतः जाऊन बसला. किती मुख्याध्यापक हे करतील? खटकतं यासाठी की स्त्रियांच्या स्वातंत्र्याचं, फक्त स्त्रियांनी केलेलं नाटक शेवटी एका पुरुषाच्या प्रतिष्ठेच्या छायेत सादर झालं. दोन्ही खरं आहे. त्या छत्रीशिवाय प्रयोग झाला नसता असं मला वाटतं, पण छत्री कोणाची होती हेही नोंदवायला हवं.

प्रयोग गाजला. टीका झाली तशी वाहवाही झाली, आणि गौरीच्या शेवटच्या नृत्याची आठवण पाहणाऱ्यांनी पुढे कित्येक वर्षं काढली. ‘आमाय क्षमो हे क्षमो’ हे त्या नृत्याचं गाणं आजही बंगालमध्ये शाळाशाळांतून नाचलं जातं.

मग शिकणं कुठे गेलं

सर्वसाधारण यशोगाथेत इथून गौरी मोठी नर्तिका झाली असती. तसं झालं नाही. तिचं लग्न झालं, ती गौरी भंज झाली आणि रंगमंचावरचं नाचणं मागे पडलं. तिचं पुढचं आयुष्य कलाभवनात शिकवण्यात गेलं: अल्पना, बाटिक, भरतकाम. संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावट नंदलालांच्या मार्गदर्शनाखाली झाली, त्या चमूत गौरी भंज होत्या, बहीण जमुना सेन होत्या, मासोजीही होते.

काही जण याकडे वाया गेलेली प्रतिभा म्हणून पाहतात. एका अर्थी ते बरोबरच आहे. नाचायचं की नाही हा निर्णय तिच्या काळाने बराचसा तिच्या वतीने घेतला. पण शिक्षणाच्या अंगाने पाहिलं तर चित्र निराळं दिसतं. अल्पना काढणाऱ्या बाईचा हात जमिनीवरून फिरतो तेव्हा तो खांद्यातून, कमरेतून फिरतो. ती रेषा अंगाने काढलेली असते. नाचातली लय, वेशातली गाठ आणि जमिनीवरची रेषा या मुलींनी एकाच आवारात, त्याच त्याच माणसांकडून शिकल्या. रंगमंचाचं दार बंद झालं तेव्हा शिकणं दुसऱ्या दाराने बाहेर पडलं. ज्या शाळेत मुलीला फक्त नाच शिकवला जातो आणि बाकी सगळं बाहेरून येतं, तिथल्या मुलीला असं दुसरं दार नसतं.

त्याच पिढीतली अमिता सेन, क्षितिमोहन सेनांची मुलगी आणि अमर्त्य सेन यांची आई. तीही रवींद्रनाथांच्या नृत्यनाट्यांत कोलकात्याच्या रंगमंचावर नाचली, आणि शांतिनिकेतनात तिने जपानी शिक्षकाकडून ज्युदोही शिकला. शांतिदेव घोष मुलगा म्हणून तिथे नाचगाण्यात वाढले आणि पुढे तिथेच शिक्षक झाले. त्या काळाबद्दलची बरीच माहिती आपल्याला त्यांच्या लेखनातून मिळते.

आता सावधगिरीची गोष्ट. नाटक-नृत्याने मुलांचे गुण वाढतात, गणित सुधारतं, अशी विधानं संस्थांच्या माहितीपत्रकांत सर्रास छापलेली असतात. हार्वर्डमधल्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या संशोधनगटाच्या एलेन विनर आणि लोइस हेटलँड यांनी 2000 मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा अशा बहुतेक दाव्यांना आधार मिळाला नाही. वर्गातल्या नाट्यीकरणाचा मुलांच्या भाषेवर चांगला परिणाम होतो, एवढं मात्र ठामपणे दिसलं. पुढे अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या 42 शाळांत यदृच्छेने निवड करून केलेला अभ्यास 2019 मध्ये आला. कलांचे उपक्रम वाढवलेल्या शाळांत मुलांचं लेखन थोडं सुधारलं, शिस्तभंगाच्या घटना घटल्या, दुसऱ्याबद्दलची कणव वाढली. गणिताचे गुण हलले नाहीत.

‘नटीर पूजा’कडे पाहिलं तर हे निष्कर्ष पटतात. लोकेश्वरीचे संवाद महिनाभर तोंडात घोळवणाऱ्या मुलीची भाषा बदलणारच, आणि रत्नावलीला आतून समजून घेणारी मुलगी माणसांचा निवाडा थोडा उशिरा करणारच. गणिताच्या पेपरात त्याचा शोध घ्यायचाच कशाला?

पुढे काय झालं

1932 मध्ये न्यू थिएटर्सने ‘नटीर पूजा’ चित्रपटात बांधलं. शांतिनिकेतनचीच मंडळी, रवींद्रनाथ स्वतः, आणि चित्रीकरण चार दिवसांत उरकलेलं, जवळजवळ रंगमंचावरच्यासारखं. चित्रपट फारसा चालला नाही आणि पुढे स्टुडिओच्या आगीत त्याच्या प्रती गेल्या.

नाटकाने जो दरवाजा उघडला त्यातून मात्र मोठी वाहतूक सुरू झाली. 1936 मध्ये ‘चित्रांगदा’, नंतर ‘चंडालिका’, ‘श्यामा’. आता पूर्ण नृत्यनाट्यं. शाळेतल्या मुलामुलींचा संच उत्तर भारतात दौऱ्यावर निघाला. कारण अगदी व्यवहारी: विश्वभारतीवर, म्हणजे शांतिनिकेतनच्या संस्थेवर, कर्ज होतं. मार्च 1936 मध्ये संच दिल्लीत असताना पंचाहत्तरीला टेकलेला कवी पैशांसाठी असा गावोगाव हिंडतो आहे हे गांधीजींना कळलं. त्यांनी साठ हजार रुपयांची सोय करून दिली, तूट भरून निघाली आणि पुढचा दौरा थांबला.

या दौऱ्यांबद्दल दोन मतं असू शकतात. रोज नवं गाव, नवा रंगमंच, सामान बांधायचं आणि सोडायचं, अपुऱ्या उजेडात प्रवेश लावून घ्यायचे. हे शिकणं आवारात बसून मिळत नाही. मुंबई-पुण्याच्या एकांकिका स्पर्धांसाठी टेम्पोत नेपथ्य घालून फिरलेल्या कोणत्याही मुलाला विचारा. पण 1926 चा प्रयोग वाढदिवसाची भेट होता, नापास व्हायला मोकळा होता. 1936 चा प्रयोग तिकीटखिडकीला बांधलेला होता. तालमीत संवाद खोडणारा लेखक तोच होता, मुलंही तशीच होती, तरी तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकासमोर अडखळायची मुभा कमी होते, आणि मग जिचं पाठ चोख तिलाच पुन्हा उभं करावंसं वाटतं. गांधीजींच्या मदतीने रवींद्रनाथांची दगदग थांबली आणि संस्थेचा हिशेब जुळला. दौऱ्यावरच्या मुलींचं शिकणं मधेच थांबलं की त्यांचीही सुटका झाली, हे त्या हिशेबात कोणी मांडलं नव्हतं.